पहिलं सिझर झालेलं असताना दुसऱ्या वेळी काय ठरवलं?

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा घरात सगळे धरूनच चालले होते, की तारीख काढायची आणि सिझर करायचं. 'एकदा सिझर, की पुढे सिझरच' हे मीही इतक्या जणींकडून ऐकलं होतं, की तो नियमच वाटायचा. हे वाक्य १९१६ साली क्रेगिन या अमेरिकी डॉक्टरांनी लिहिलं. पहिलं सिझर उगाच करू नका, असं त्यांना सांगायचं होतं. शिवाय तेव्हा गर्भपिशवीवर उभा छेद घेत असत, आणि तो पुढच्या वेळी कळांमध्ये उकलण्याची भीती आडव्यापेक्षा जास्त असते.

आमच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत जुन्या ऑपरेशनची नोंद मागितली. डिस्चार्ज कार्डावर छेदाबद्दल काहीच नव्हतं. पोटावरचा टाका आडवा आहे, म्हणजे आतला छेदही आडवाच असेल असं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. नोंद मिळवायला बरेच हेलपाटे घालावे लागले, पण सगळा निर्णय त्या एका कागदावर उभा राहिला. त्यात दोन गोष्टी होत्या: छेद पिशवीच्या खालच्या भागात, आडवा; आणि सिझरचं कारण, बाळ पायाळू. म्हणजे तेव्हा कळा देऊन अडकले नव्हते. यावेळी बाळ डोक्याकडून खाली होतं.

असा एकच आडवा छेद असेल आणि नॉर्मलचा प्रयत्न केला, तर १००पैकी ६० ते ८० जणींना ते जमतं. आधी एखादी नॉर्मल झाली असेल तर शक्यता आणखी वाढते. माझी झाली नव्हती. जुना टाका कळांमध्ये उकलण्याचा धोका साधारण २००त एक. आकडा लहान आहे, पण तसं झालं तर बाळ आणि आई दोघांच्या जिवावर बेततं. उलट ठरवून केलेल्या दुसऱ्या सिझरमध्ये हा धोका जवळजवळ नाही. पण दरवेळी आतले अवयव एकमेकांना चिकटणं वाढत जातं आणि पुढच्या गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) जुन्या टाक्यात रुतून बसण्याची भीती वाढते. आम्हाला दोनच मुलं हवी होती, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी हलका होता. तिसऱ्याचा विचार असता तर मी त्याला खूप वजन दिलं असतं.

मला खरी धास्ती होती ती मधल्या वाटेची. तासन्‌तास कळा देऊन शेवटी घाईत सिझर होणं, यात ठरवून केलेल्या सिझरपेक्षा त्रास आणि गुंतागुंत जास्त असते. म्हणून मी डॉक्टरबाईंना विचारलं, "रात्री-बेरात्री कळा सुरू झाल्या तर भूलतज्ज्ञ आणि थिएटर लगेच मिळेल?" याचं स्पष्ट 'हो' आलं नसतं तर मी तारीखच काढली असती. हा प्रश्न प्रत्येकीनं विचारावा असं मला मनापासून वाटतं.

मग आमचं ठरलं. कळा आपोआप आल्या तर प्रयत्न करायचा. तारीख उलटली आणि पिशवीचं तोंड तयार नसेल तर कळा आणायच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण त्यांनी टाका उकलण्याचा धोका वाढतो, सरळ सिझर. नवरा आधी घाबरला होता, पण या अटी ऐकल्यावर म्हणाला, "मग ठीक आहे, करून बघू."

कळा तारखेच्या आधीच सुरू झाल्या. पोटावर मॉनिटरचे दोन पट्टे बांधले, ते शेवटपर्यंत काढले नाहीत. टाका उकलायला लागला तर बहुतेक वेळा आधी बाळाचे ठोके बिघडतात. कूस बदलली की पट्टा सरकायचा, ठोक्यांचा आवाज तुटायचा, आणि सिस्टरनं तो परत नीट बसवेपर्यंत माझा श्वास अडकायचा. पिशवीचं तोंड सहा सेंटिमीटरपर्यंत छान उघडलं आणि तिथेच थांबलं. ठोके चांगले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून थोडा वेळ थांबता येईल, तुम्ही सांगा." मी नवऱ्याकडे पाहिलं आणि सिझर करा म्हणाले. घाई झाली नाही, पळापळ झाली नाही. मुलगी रडतच बाहेर आली.

आत जुन्या टाक्याची जागा बरीच पातळ झाली होती, उकलली मात्र नव्हती. डॉक्टरबाईंनी ते कार्डावर सविस्तर लिहून दिलं आणि पुढे कधी दिवस राहिलेच तर कळांची वाट न बघता सिझर, असंही त्याखाली लिहिलं.