सुट्टीचा कागद, शुगरची सुई आणि नारिंगी टोपण : माझा अनुभव

भरती, तपासण्या, शुगर उतरणं यात सांगण्यासारखं फार नाही. घोडं अडतं ते सुट्टीच्या, म्हणजे रुग्णाला घरी सोडायच्या दिवशी. राउंडला डॉक्टर सुट्टी लिहितात, नातेवाईक पिशव्या भरून दारात उभे राहतात, गावाची एसटी दीडची असते. आणि तेवढ्या घाईत सिस्टरने रुग्णाला रोजची इन्सुलिनची सुई शिकवायची. आमच्याकडच्या कागदावर ‘समुपदेशन केले’ असा रकाना आहे. त्यात टिक करायला दोन सेकंद लागतात.

म्हणून मी, वॉर्डातली सिस्टर, भरतीच्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरुवात करते. पहिल्या डोसला नुसतं बघायचं, पुढच्याला औषध भरायचं, त्यापुढच्याला स्वतः टोचायचं. “समजलं का?” हा प्रश्न मी सोडून दिला, कारण त्याला आपल्याकडे एकच उत्तर येतं, “हो जी.” त्याऐवजी विचारते, “मावशी, घरी सुनेला कसं सांगाल? करून दाखवा.” चूक तिथे दिसते.

एवढं करूनही काम अडतं ते औषधाच्या खिडकीवर. तिथून ४० युनिटची कुपी मिळते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते, जिच्यावर ४० रेघा असतात. लाल संपली की उत्तर येतं, “बाहेरून घ्या.” बाहेर मेडिकलवाला नारिंगी टोपणाची देतो. ती १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. मी तक्रार नेली तर म्हणे, “सिस्टर, सुई ती सुईच.”

नाही ना! डोस २० युनिटचा असेल आणि नारिंगी सिरिंज २० च्या आकड्यापर्यंत भरली, तर आत जातं ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. शुगर वाढलेलीच राहते. पुढच्या खेपेला रुग्णाला ऐकावं लागतं, “पथ्य पाळत नाही तुम्ही,” आणि डोस ३० होतो. नारिंगीत ते ३० म्हणजे खरे १२. मग एक दिवस कुणीतरी लाल सिरिंज हातात देतं, त्या दिवशी खरेखुरे ३० जातात, अडीचपट, आणि शुगर एकदम उतरून माणूस शेतात घामाघूम होऊन पडतो. उलटा घोळ तर अजून वाईट. १०० युनिटच्या कुपीतून लाल सिरिंजने २० पर्यंत भरलं तर ५० युनिट जातात.

गंमत बघा. जिला आकडे वाचता येत नाहीत आणि जी ‘अर्धी नळी’ असं शिकली, तिचा २० चा डोस १ मिलीच्या नारिंगी सिरिंजमध्येही बरोबर बसतो, कारण अर्धी नळी म्हणजे दोन्हीकडे अर्धा मिलीच. चुकतो तो तिचा शिकलेला मुलगा, जो २० चा आकडा बघून भरतो. पण या योगायोगावर भरवसा नको. नारिंगीत अर्ध्या मिलीचीही सिरिंज येते, आणि डोस बदलला की ‘अर्धी’ संपली.

आता मी कागदावर नुसतं ‘सिरिंज’ लिहीत नाही. ‘४० युनिट, लाल टोपण’ असं मोठ्या अक्षरात मराठीत लिहिते. वापरलेल्या सिरिंजचं लाल टोपण पदराच्या गाठीत बांधून देते. दुकानात तेच दाखवायचं, तसलंच मागायचं. आणि कुपीवरचा ४० चा आकडा घरातल्या वाचणाऱ्या पोराकडून एकदा बघून घ्यायचा.

३०/७० वालं औषध, म्हणजे लवकर लागणारं ३० टक्के आणि सावकाश लागणारं ७० टक्के असं मिसळलेलं इन्सुलिन, गढूळ दिसतं. ते हलवायचं नाही, कापसाची वात वळतो तशी कुपी दोन तळव्यांत १०-२० वेळा फिरवायची. भरण्याआधी जेवढं औषध, तेवढीच हवा कुपीत सोडायची, नाहीतर औषध ओढलं जात नाही आणि बुडबुडे येतात. बेंबीपासून चार बोटं दूर टोचायचं, रोज जागा बदलायची. एकाच जागी टोचलं की गाठ येते आणि औषध नीट लागत नाही. दट्ट्या दाबल्यावर दहा अंक मोजून मगच सुई काढायची.

टोचल्यावर जेवण अर्ध्या तासाने, हे वर आधीच सांगायला हवं होतं. निंदणाला जाणाऱ्या बाया सुई घेऊन निघतात आणि भाकर शेतात दहाला सोडतात. सुई घ्यायची ती भाकर समोर तयार असेल तेव्हाच. एकादशी, चतुर्थी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. शुगर फार उतरून हात थरथरले, घाम फुटला तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी बरं नाही वाटलं तर पुन्हा तेवढीच, मग काहीतरी खायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, त्यात डबीत कुपी, सावलीत. मे महिन्यात टिनाखाली ठेवलेली कुपी वाया गेलीच समजा. फोडलेली कुपी २८ दिवस. तशी अख्ख्या कुपीत (१० मिली) मिळून ४०० युनिटच, सकाळी २० आणि रात्री १० असेल तर १३ दिवसांत संपते. दहाव्या दिवशी दुसरी आणायला निघायचं.

हो, सुया. जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायच्या आणि भरली की पुढच्या खेपेला इकडेच आणायची. उकिरड्यावर गेली तर शेणखत भरताना कुणाच्या तरी तळपायात घुसते.