लेथची वही, जून ते ऑगस्ट : बाभळीचा वाडगा आणि स्टार्टर

सांगलीत विश्रामबागेत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) बसवून आता सात महिने झाले. शेड ८ बाय १० फुटांचं. लेथचा बेड (खालचा सांगाडा) कुपवाडला एका वर्कशॉपमधून जुना मिळाला. सेंटरची (लाकूड टोकाला धरणाऱ्या टोचाची) उंची ६ इंच, म्हणजे १२ इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरू शकतं. मोटार अर्ध्या एचपीची, सिंगल फेज, १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे). आत्तापर्यंतचं सगळं काम दोन सेंटरमध्ये धरून केलेलं : लाटणी, रवीचे दांडे, पोरांसाठी भोवरे. या तीन महिन्यांत पहिल्यांदाच वाडगा कातायला घेतला. त्यात एक खोड वाया गेलं आणि माझी कामाची पद्धत बदलली, म्हणून नोंद लांबली आहे.

८ जून

वळवाच्या पावसात मेहुण्याच्या बांधावरची बाभूळ आडवी झाली. "दाजी, घेऊन जावा की, न्हाईतर चुलीतच जाणार हाय." बुंधा ११ इंचांचा. त्याचा एक फुटाचा तुकडा आणला, गाभ्याच्या दोन्ही बाजूंनी उभा चिरला आणि गाभ्याची फळी काढून टाकली. गाभा वाडग्यात राहिला की वाळताना तिथूनच तडा जातो. दोन अर्धी खोडं मिळाली. टोकांना लगेच फेव्हिकॉलचा जाड हात मारला, नाहीतर कापलेल्या टोकातून पाणी भराभर उडतं आणि आठवड्याभरात उन्हाच्या रेषांसारख्या चिरा पडतात.

बांधावरच्या झाडाचं लाकूड आणणाऱ्यांनी हे नक्की वाचा. बांधावरच्या झाडाला कधी ना कधी कुणीतरी काटेरी तार ठोकलेली असते, आणि झाड वाढताना ती गिळून टाकतं. बाहेरून खूण राहत नाही. माझ्या एका खोडाच्या चिरलेल्या बाजूवर शाईच्या ओघळासारखी निळसर काळी रेघ दिसली. बाभळीत टॅनिन भरपूर असतं (कातडी कमवायला तिची साल म्हणूनच वापरतात), त्याचा लोखंडाशी संबंध आला की असा काळा डाग पडतो. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून रेघेवरून फिरवलं, एका जागी ते टपकन चिकटलं. पटाशीनं पाऊण इंच खणल्यावर यू आकाराचा खिळा निघाला. फिरत्या लाकडात त्याला गाऊजची (पन्हाळीसारख्या पटाशीची) धार भिडली असती तर धारेचा तुकडा उडाला असता, आणि तो चेहऱ्याकडेही येऊ शकतो.

१५ जून

वेगाचं गणित मांडलं. माझ्या पुली २, ३ आणि ४ इंचांच्या. मोटारीवर २ आणि स्पिंडलवर (लाकूड फिरवणाऱ्या दांड्यावर) ४ घेतली तरी सगळ्यात कमी वेग ७२० येतो. लाटण्याला तो कमीच आहे, पण ८-१० इंचांच्या ओबडधोबड, एकीकडे जड असलेल्या खोडाला फार जास्त.

किती जास्त, ते कागदावर काढून पाहिलं. मध्यापासून १० सेंटीमीटरवर फक्त १०० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त आहे असं धरा. ३६० आरपीएमला ते साधारण दीड किलोच्या जोरानं बाहेर ओढतं. ७२० ला जवळपास ६ किलो. १४४० ला २३ किलोच्या वर. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, आणि प्रत्येक फेऱ्यात ती चारी दिशांना फिरते. लेथ जागेवरून चालायला लागतं ते यामुळे. शिवाय ८ इंचांच्या वाडग्याची कड १४४० ला ताशी ५५ किलोमीटरनं पळते. लाटण्यावर हात बसलेल्या माणसाला हे चटकन जाणवत नाही, कारण मोटारीचा आवाज दोन्हीकडे तोच असतो.

मध्ये एक काउंटर शाफ्ट (पुली लावलेला जादा दांडा) टाकला, पुन्हा २ वरून ४. आता ३६० मिळतात. इंचातला व्यास गुणिले आरपीएम हा आकडा ६००० ते ९००० मध्ये ठेवायचा, असा कातकाम करणाऱ्यांचा जुना हिशोब आहे. ८ इंचाला ७५० ते ११२५ बसतात. पण तो गोल झालेल्या लाकडासाठी. ओबडधोबड असताना मी ३६० च्या वर जात नाही.

२२ जून

पहिलं खोड फेसप्लेटवर (लाकूड स्क्रूनं बसवायच्या तबकडीवर). सहा जाड लाकडी स्क्रू, एक इंच आत. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू इथं चालत नाहीत, ते ठिसूळ असतात आणि झटक्यानं मुंडी तुटते. टेलस्टॉकही (समोरून दाबून धरणारं टोक) पुढून लावला आणि शक्य तितका वेळ काढला नाही. स्विच दाबण्याआधी खोड हातानं पूर्ण एक फेरा फिरवायचं, टूल रेस्टला (हत्यार टेकवायच्या पट्टीला) कुठं घासत नाही ना बघायचं, सगळ्या क्लँप पुन्हा आवळायच्या. मग खोडाच्या समोर नाही, बाजूला उभं राहून स्विच. लाकूड सुटलं तर ते फिरण्याच्या रेषेतच जातं.

हत्यार बाऊल गाऊज. दोन सेंटरमध्ये लाटण्यासाठी वापरतो तो रफिंग गाऊज वाडग्याला कधीही लावू नका. मुठीत गेलेली त्याची शेपटी बारीक असते, वाडग्यात लाकडाची रेषा (धाग्यांची दिशा) फेऱ्यात दोनदा आडवी येते आणि जोराचा हिसका बसला की शेपटीशीच मोडतो.

पहिली पाच मिनिटं टक-टक-टक आवाज. धारेखाली अर्धा वेळ हवा, अर्धा वेळ लाकूड. गाऊज आधी टूल रेस्टवर टेकवायचा, मग धारेमागची पाठ लाकडावर घासू द्यायची, मग मूठ सावकाश वर. धार भिडली की ढलपी निघते. ओल्या बाभळीची ढलपी लांब येते, बाहेरची पिवळट पांढरी, आत गेल्यावर एकदम तांबूस. टक-टक मधली फट कमी होत गेली आणि मग एका क्षणी आवाज सलग झाला. सूं. तिथं लाकूड गोल झालं. मी मशीन थांबवून हात फिरवला, ओलसर आणि थंड लागत होतं.

११ जुलै

बाहेरची बाजू झाली होती. तळाला धरायला गोल खुंट काढून वाडगा उलटा चकमध्ये (जबड्यांनी लाकूड आवळणाऱ्या भागात) धरला आणि आतून पोखरायला घेतला. वेग ७२०. संध्याकाळी साडेसहाला पाऊस सुरू झाला आणि लाईट गेली.

वाडगा थोडा हलतोय असं आधीच वाटत होतं. म्हटलं, थांबलंच आहे तर परत नीट बसवू. जबडे फिरवायची चावी चकमध्ये घातली, ते अर्धा फेरा सैल केले. तेवढ्यात मुलीनं हाक मारली, "बाबा, चहा." चावी तशीच ठेवून आत गेलो.

सात-आठ मिनिटांनी लाईट आली. शेडमधून आधी एक धडाका, मग पत्र्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज, मग नुसतं लेथ फिरत असल्याचा. स्विच चालूच राहिला होता. चावी उडून पत्र्याला लागली होती, माझ्या छातीच्या उंचीवर, आणि पत्र्याला बोटभर लांबीची फाट पडली होती. वाडगा टूल रेस्टवर आदळून दोन तुकडे होऊन पडला होता. पुतण्या रोज संध्याकाळी त्याच कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत असतो. त्या दिवशी पावसामुळे तो आला नव्हता.

रात्री बराच वेळ झोप लागली नाही. लेथ बसवल्यापासून घाबरायला लावणारे प्रसंग कोणते, ते वहीत शोधले. चार सापडले. त्यातला फक्त एक धार लाकडात असतानाचा होता. बाकीचे पट्टा बदलताना, पॉलिश पेपर लावताना, आणि हा. कापताना माझे डोळे, कान, पाय सगळं कामावर असतं. धार बाजूला ठेवली की माझ्या मनात काम संपतं, पण मशीनचं संपलेलं नसतं. तेव्हापासून सगळी सुधारणा या मधल्या वेळेसाठी केली आहे.

२० जुलै

स्टार्टर बसवला. आपल्याकडं विहिरीवरच्या पेटीत असतो तसाच, हिरवं-लाल बटण, फक्त सिंगल फेज आणि २३० व्होल्ट कॉइलचा. ओव्हरलोड (मोटार जास्त करंट ओढायला लागली की तोडणारा भाग) मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरप्रमाणे लावला. हिरवं बटण दाबलं की कॉइल चुंबक बनून कॉन्टॅक्ट ओढून धरते. लाईट गेली की चुंबक सुटतं, स्प्रिंग कॉन्टॅक्ट उघडते, आणि लाईट परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. रानात आपण याच पेटीला ऑटो स्विच जोडतो, रात्री दोनला लाईट आली तर पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. लेथला नेमकं उलटं हवं. ऑटो चुकूनही जोडू नका.

वायरिंग ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांकडून करून घेतलं. त्यांनी बेडला वेगळं अर्थिंग दिलं आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाईट तोडणारा स्विच) टाकला, पावसाळ्यात शेडची जमीन ओली असते म्हणून. बंद करायचं बटण दुसरंही घेतलं : मोठं लाल, गुडघ्याच्या उंचीवर, टेलस्टॉककडच्या पायाला. जुना स्विच हेडस्टॉकच्या (स्पिंडल बसवलेल्या टोकाच्या) मागं होता, बंद करायला फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागायचा. आता हत्यार दोन्ही हातांत असताना गुडघ्यानं थांबवता येतं.

तपासणी अशी : लाकूड न लावता लेथ चालू करायचं, बोर्डावरचा मेन बंद करायचा, दहा आकडे मोजून परत चालू. लेथ उभंच राहिलं पाहिजे. दर महिन्याच्या एक तारखेला करतो.

चावीसाठी साधी युक्ती केली. ती दोरीनं प्लगला बांधली आहे आणि दोरी इतकी आखूड आहे, की प्लग सॉकेटमध्ये असताना चावी चकपर्यंत पोचतच नाही. चावी वापरायची तर प्लग उपसावाच लागतो.

२७ जुलै

मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो होतो, खुंटीसाठी शिसवाचा तुकडा मिळतो का बघायला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून जायचं मनात होतं. एका चाचांनी माझा गाऊज हातात घेऊन धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "हे कापत नाही, ढकलतंय." खरं होतं. बोथट हत्यार जोर मागतं, आणि जोर लावलेला हात हिसका बसला की सावरत नाही. आता दर दहा-पंधरा मिनिटांनी ग्राइंडरवर एक हलका हात देतो. त्यानंतर आवाजच बदलला.

९ ऑगस्ट

वाळलेल्या सागाचं लाटणं पूर्ण केलं. पॉलिश पेपर लावताना टूल रेस्ट काढून बाजूला ठेवतो, बोटं लाकूड आणि रेस्टच्या फटीत जायला नकोत म्हणून. पेपर खालच्या बाजूला, लाकूड माझ्यापासून दूर पळतं तिथं धरायचा. बोटांना गुंडाळायचा नाही. तेल लावायला फडकं नको, टिश्यू पेपर घ्यावा. अडकला तर फाटतो. फडकं बोटासकट ओढतं. हातमोजेही याच कारणानं बंद.

आईनं संकष्टीला गणपतीच्या देवळातून आणून मनगटाला धागा बांधला होता. तो काढायचं मला जिवावर आलं होतं. तिलाच विचारलं. ती शेडमध्ये आली, लेथ फिरताना बघितलं, आणि म्हणाली, "हातात नको बाबा. खिळ्याला अडकव, तुझ्या डोक्यावर राहील. देवाला कळतंय की." आता धागा बल्बच्या खालच्या खिळ्याला आहे. अंगठी आणि घड्याळही तिथंच.

धुळीचं मी आधी मनावर घेतलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. पेपर लावताना एन-९५ मास्क, आणि काम झाल्यावरही दहा मिनिटं तो काढत नाही. बारीक धूळ तेवढा वेळ तरी हवेतच असते.

जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि चुरगाळलेल्या बोळ्यात ती साठून तो आपोआप पेटू शकतो. मी पाण्यात बुडवून मग अंगणात पसरून वाळवतो.

२४ ऑगस्ट

दुसरं खोड गेल्या महिन्याच्या अखेरीस कातलं. ३६० वर सुरुवात, गोल झाल्यावर ७२०. आतून पोखरताना एकदा लाईट गेली आणि आली. लेथ उभं राहिलं. मी प्लग काढला, वाडगा तपासला, प्लग लावला, हिरवं बटण दाबलं.

८ इंचांचा वाडगा, भिंत जाडसर, २२ मिलीमीटर ठेवली आहे, म्हणजे वाळताना वाकडा झाला तरी पुन्हा गोल करायला लाकूड उरेल. वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघराच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवलाय, दर रविवारी बायकोच्या वजनकाट्यावर घेतो. पहिल्या दिवशी १,१४० ग्रॅम होता. नंतर १,०८५, १,०३०, आणि आज ९९२. तोंड आत्ताच थोडं लंबगोल झालंय, रेषेच्या आडव्या दिशेला ४ मिलीमीटर कमी. कडेला एक केसासारखी चीर दिसली, तिच्यावर पातळ सुपरग्लू सोडला. दोन आठवडे काटा हलला नाही की दुसऱ्यांदा कातायला घेईन. बहुधा दिवाळीनंतर.