होमलॅब नोंद: पोर्टवरचं इन, आउट आणि मधला हिशेब

सध्या सगळा वेळ घरच्या नेटवर्क स्विचच्या (उपकरणं एकमेकांना जोडणारा डबा) पोर्ट काउंटरवर, म्हणजे प्रत्येक पोर्टवरून किती डेटा आत-बाहेर गेला त्या आकड्यांवर चाललाय. एसएनएमपीचे (उपकरणांकडून असे आकडे मागवायची पद्धत) ग्राफ आधीपासून सुरू होते, पण ते नीट वाचता यायला लागले ते आता.

सगळ्याचं मूळ एकच: इन आणि आउट स्विचच्या बाजूने मोजलेलं असतं. लॅपटॉपवरून एनएएसवर (नेटवर्कवरचं फाइल साठवायचं यंत्र) फाइल टाकली की लॅपटॉपच्या पोर्टवर इन चढतं आणि एनएएसच्या पोर्टवर आउट. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर मात्र डाउनलोड इनमध्ये दिसतं, कारण ते राउटरकडून स्विचमध्ये शिरतं. म्हणून प्रत्येक पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये पलीकडे काय जोडलंय ते लिहून ठेवलंय. ग्राफ वाचताना याचा फार उपयोग होतो.

मग आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) लावला, आणि इथे खरी मजा आली. गिगाबिट लिंकवर आयपर्फ ९४१ एमबीपीएस म्हणतो, तर स्विचच्या काउंटरवरून वेग येतो ९८७ च्या आसपास. दोन्ही बरोबर! आयपर्फ फक्त आतला डेटा मोजतो, टीसीपीचे टाइमस्टॅम्प (पाकिटावरची वेळेची नोंद) चालू असताना पाकिटामागे १४४८ बाइट. स्विच मात्र हेडर (पत्ते वगैरे माहिती) आणि एफसीएस (चूक पकडणारा तपासणी कोड) धरून अख्खी १५१८ बाइटची फ्रेम मोजतो. तारेवर ती जागा अडवते १५३८ बाइटची, कारण प्रिअँबलचे (फ्रेम सुरू होतेय हे सांगणारी खूण) ८ आणि दोन फ्रेममधल्या मोकळ्या जागेचे १२ कुठल्याच ऑक्टेट (म्हणजे बाइट) काउंटरमध्ये येत नाहीत. १४४८ आणि १५१८ ला १५३८ ने भागून बघा, दोन्ही आकडे हातात येतात. त्याच वेळी उलट दिशेला थोडीशी वर्दळ दिसते, ती एसीकेची, म्हणजे डेटा मिळाल्याच्या पोचपावत्यांची.

काउंटर ६४ बिटचेच घ्या, म्हणजे आयएफएचसीइनऑक्टेट्स आणि त्याचा आउट जोडीदार. ३२ बिटचा काउंटर गिगाबिट भरून वाहत असेल तर साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी पोल केलं, म्हणजे काउंटर वाचला, तर मधले फेरे कळणारच नाहीत.

सगळ्या इनची बेरीज सगळ्या आउटइतकी यावी, अशी अपेक्षा ठेवू नका. एका पोर्टवरून आत आलेली ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीची) फ्रेम त्या व्हीलॅनच्या (स्विचवरचा वेगळा केलेला गट) बाकी सगळ्या पोर्टांवरून बाहेर पडते. मॅक टेबलमध्ये (कोणतं उपकरण कोणत्या पोर्टवर आहे याची स्विचची यादी) पत्ता नसलेल्या फ्रेमचंही तसंच. शांत पोर्टवर आउट हलतंय आणि इन जवळजवळ शून्य, असं दिसलं तर आधी हे तपासा.

आउट डिस्कार्ड्सकडेही, म्हणजे बाहेर न पाठवता टाकून दिलेल्या फ्रेमच्या आकड्याकडेही, लक्ष ठेवा. १० गिगाबिटच्या पोर्टवरून आलेला लोंढा १ गिगाबिटच्या पोर्टवर वळला की बफर (फ्रेम थांबवून ठेवायची जागा) भरतो आणि फ्रेम गळतात. पाच मिनिटांच्या सरासरीत लिंक निम्मी रिकामी दिसते, तरी डिस्कार्ड वाढत असतात.

आता पोर्ट मिररिंग, म्हणजे एका पोर्टवरच्या वर्दळीची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवणं. भरलेल्या गिगाबिट पोर्टच्या दोन्ही दिशा एकाच गिगाबिट पोर्टवर मिरर केल्या तर मावणार नाहीत, म्हणून सुरुवात फक्त इनपासून करतोय.