तिसऱ्या फ्रेमचा तणावा

मे महिना, चोपडा तालुका, जिनिंगच्या नव्या शेडचं काम. 24 मीटर रुंदीचा गाळा, 7 मीटरचे कॉलम. दुपारपर्यंत तीन लोखंडी फ्रेम उभ्या राहिल्या, पण ब्रेसिंगचे, म्हणजे दोन फ्रेममध्ये कर्णात ताणायचे रॉड घेऊन येणारी गाडी आलीच नाही. क्रेनचं भाडं तासावर चढत होतं. ठेकेदाराचं एकच पालुपद: चौथी उचला, रॉड उद्या लावू.

मी ठाम नकार दिला. फ्रेम समोरून भक्कम दिसते, पण शेडच्या लांबीच्या दिशेनं तिच्यात फारसा दम नसतो. पर्लिन, म्हणजे छताच्या आडव्या पट्ट्या, फ्रेमना एकमेकींशी जोडतात खऱ्या, पण कर्णात रॉड नसतील तर सगळ्या मिळून सैल खाटेसारख्या एका अंगाला झोपतात. त्यात कॉलमच्या तळाच्या बेसप्लेटखाली अजून ग्राउट, म्हणजे भरायचा सिमेंटचा मसाला, नव्हता. भार पॅकिंगच्या पट्ट्यांवर. हाताशी होते ते फक्त तणावे, म्हणजे फ्रेम ताणून धरणारे वायर रोप.

ते तपासत फिरलो, तर तिसऱ्या फ्रेमचा एक वायर रोप चक्क रिकाम्या ट्रॉलीला बांधलेला! पोटात गोळाच आला. फोरमनना म्हटलं, "आबा, हा पुढच्या कॉलमच्या काँक्रीट पायाला घ्या."

"काही व्हस नही, भाऊ," आबा म्हणाले. पण उठले. रोप अपुरा पडत होता, म्हणून दुसरा आणला. दोन्ही टोकांना तीन-तीन क्लॅम्प कसले, टर्नबकलनं, म्हणजे फिरवून रोप ताणायच्या स्क्रूनं, ताण दिला. ट्रॉलीचा रोप जास्तीचा म्हणून राहू दिला. अर्धा तास गेला, ठेकेदार धुसफुसत राहिला.

साडेचारच्या सुमारास पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. "वारा ऊना!" कोणीतरी ओरडलं. वर चढलेले सगळे खाली घेतले, क्रेनचं बूम खाली आणलं आणि लांब जाऊन उभे राहिलो. पत्रा नव्हता म्हणून वाऱ्याला धरायला जागा कमी, पण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. फ्रेमचा वरचा तिरपा भाग, राफ्टर, डोलताना दिसत होता. तणावे झणझणत होते. मी मनात एकेक क्लॅम्प मोजत होतो.

वारा ओसरला तेव्हा शेजारच्या मळ्यातली केळी घडांसकट आडवी पडली होती. त्या शेतकऱ्याकडे बघवेना. आमच्या तिन्ही फ्रेम उभ्या होत्या.

आबा ट्रॉलीपाशी वाकले होते. चाकामागे मातीत चार बोटं रुंद ताजी घसट होती आणि ट्रॉलीचा रोप सैल लोंबत होता. आबांनी तो हातात धरून पाहिला, काही बोलले नाहीत.

सकाळी ओळंबा सोडला. तिसरा कॉलम माथ्याला 12 मिलिमीटर कललेला. आबांनीच टर्नबकल फिरवून तो सरळ केला, आणि रॉडची गाडी आल्यावर चहाआधी पहिला रॉड कसला.