आमची वाटचाल : बावीस रेग्युलेटर आणि एक पाटी

डायव्हिंगच्या धंद्यातली आमची पहिली खरेदी म्हणजे एक पितळी हुक. कॉम्प्रेसर नंतर आला, दुकानाच्या नावाची पाटी तर त्याहूनही नंतर. ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, खाचेतून काढायला पोलादी सुई वापरली की खाचेला ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यातून हवा झिरपायची थांबत नाही. पितळ स्वतः वाकतं, पण खाच राखतं. तो हुक आजही माझ्या टेबलावर आहे. टोक तीनदा घासून नीट केलंय, त्यामुळे बोटभर आखूड झालाय एवढंच. हुक आणला त्या दिवशी माझा भागीदार पोट धरून हसला होता. "डायव्हिंगचं दुकान काढतोयस की घड्याळजी होतोयस?"

त्याचं नाव इथे लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. तो काउंटरवर, मी मागे टेबलावर. मला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, हे मला मान्य आहे. त्याला मात्र देणगी होती. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या चेहऱ्याला कुठला मास्क बसेल हे तो सांगायचा. गालाची हाडं, नाकाचा उंचवटा, वरच्या ओठावरची मिशी, सगळं एका नजरेत. मग मास्क चेहऱ्यावर ठेवायचा, पट्टा न लावता, नाकाने हलका श्वास ओढायला सांगायचा आणि हात काढून घ्यायचा. मास्क चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर पुढचा. दहापैकी नऊ वेळा पहिलाच चिकटायचा. हा माणूस पुढे न पाहिलेल्या चेहऱ्यांना मास्क विकू लागला, ते कसं हे आता सांगतो.

आपल्या धंद्याचं जुनं गणित वाचकांना ठाऊकच आहे. कोर्स तोट्यात चालवायचा, हवा जवळजवळ फुकट भरायची, सल्ला तर फुकटच, आणि सगळं वसूल करायचं रेग्युलेटर (टाकीतली दाबाची हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र) आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) यांच्या विक्रीतून. शिकलेल्या दहांपैकी चौघांनी पूर्ण सेट घेतला की वर्ष निघायचं. अकरा वर्षं अशी गेली. बरी गेली.

मग गणित फिरलं. आम्ही ज्या मोठ्या कंपनीचे डीलर होतो तिच्या करारात तीन अटी होत्या : दरवर्षी ठरावीक माल उचलायचा, ठरलेल्या किमतीखाली जाहिरात करायची नाही, आणि इंटरनेटवर विकायचं नाही. आम्ही तिन्ही पाळत होतो. तिकडे तोच माल कुठून कुठून फिरत आलेला, कंपनीची वॉरंटी नसलेला, ऑनलाइन आमच्या किमतीपेक्षा पुष्कळ खाली मिळायला लागला होता. भागीदार म्हणाला, आपणही विकू. मी म्हणालो, करार आहे. या एका वाक्यावर आम्ही आठ महिने भांडलो. त्याने वेगळं होऊन ऑनलाइन विकायचं ठरवलं ते मी समजू शकतो. जाताना गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला ते अजून समजलेलं नाही. वही दोघांची होती, पण अक्षर माझं होतं.

तो जाण्याच्या दोनच महिने आधी मी कर्ज काढून वर्षाचा माल उचलला होता. बावीस रेग्युलेटर, सगळ्या मापांच्या बीसीडी, कपाटभर डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारी मनगटी यंत्रं. आणि त्याच हंगामात कंपनीने स्वतःच ऑनलाइन विक्री सुरू केली! ज्या अटीसाठी मी भागीदार गमावला ती अट त्यांनी एका पत्रात गुंडाळून टाकली. त्यांची विक्रीची किंमत माझ्या खरेदीच्या इतकी जवळ होती की मधल्या फरकात टपालखर्चही निघाला नसता. मी फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, बाजार बदलतोय." बाजार बदलत नव्हता, ते बदलत होते. असो.

लोक दुकानात येत होते, हे जास्त जिव्हारी लागायचं. वेटसूट चढवून बघायचे. पाच मिलिमीटरचा निओप्रीन कोरड्या अंगावर चढवणं म्हणजे काय दिव्य असतं ते सांगायला नको. मी अर्धा तास मागे उभा राहून चेन ओढायची, पाठीच्या कण्यापाशी पोकळी राहतेय का, काखेत चुण्या पडतायत का ते बघायचं, आणि मग त्यांनी आतल्या लेबलाचा फोटो काढून "विचार करून सांगतो" म्हणायचं. एकाने तर फोटो नीट यावा म्हणून मला लेबल ताणून धरायला सांगितलं. मी धरलं.

त्या रागात दारावर पाटी लावली : ‘येथून न घेतलेल्या वस्तूंना हात लावला जाणार नाही.’ ठळक लाल अक्षरांत. पाटी लावल्यावर बरं वाटलं. गल्ला मात्र आणखी रिकामा झाला.

कॉम्प्युटर पडून राहिले की त्यांच्या बॅटऱ्या उतरतात आणि मॉडेल जुनं होतं. बीसीडी घडी घालून ठेवली की घडीवर खुणा पडतात. रेग्युलेटरची सीट (आत हवा अडवणारी गादी) दाबाविना पडून राहिली तरी तिचं वय होतच असतं. बँकेला यातलं काही सांगून उपयोग नव्हता. दोन हप्ते चुकले. कॉम्प्रेसर विकावा असाही विचार येऊन गेला. फक्त एका बाबतीत हात आखडला नाही हे छातीठोकपणे सांगतो : फिल्टर. आतला सक्रिय कोळसा, ओल शोषणारी मॉलिक्युलर सीव्ह आणि कार्बन मोनॉक्साइडचा बंदोबस्त करणारा हॉपकलाइट ठरलेल्या तासांना बदलले म्हणजे बदललेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि ३० मीटर खाली दाब चौपट असल्यामुळे वर किरकोळ वाटणारं प्रमाणही तिथे चौपट जोराने लागतं. तुम्ही कुठेही हवा भरून घ्या, पण फिल्टर कधी बदलला हे विचारा. ज्याला राग येईल त्याच्याकडे भरू नका.

शेवटी बावीसच्या बावीस रेग्युलेटर मी विकले. कोणाला? त्याच भागीदाराला. दुसरं कोणी एकदम सगळे घ्यायला तयार नव्हतं. खरेदीपेक्षा खूप कमी भावात गेले आणि त्या पैशात हप्ते भागले. त्यालाही ते मोठ्या मनाचं वगैरे वाटलं असेल, मला नाही वाटलं. पण देण्याआधी मी प्रत्येक नग टाकीला जोडला, गेज लावून मधला दाब (टाकीवरच्या फर्स्ट स्टेजमधून पुढे नळीत जाणारा) बघितला, तोंडात धरायची सेकंड स्टेज पन्नासदा दाबून सीट बसवली, परत दाब बघितला आणि नंबरासकट माझ्या नव्या वहीत उतरवला. आठवड्याभरात त्याच्या साइटवर जाहिरात झळकली : ‘तज्ज्ञाकडून तपासलेले.’ तज्ज्ञाचं नाव नव्हतं.

आता बाईंविषयी. निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षिका, वयाच्या बावन्नाव्या वर्षी आमच्याकडेच डायव्हिंग शिकल्या. दरवर्षी रेग्युलेटर सर्व्हिसला आणायच्या आणि स्टूल ओढून समोर बसायच्या. मी सेकंड स्टेज उघडली की आतलं पडदे-तरफांचं काम बघत म्हणायच्या, "१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी जो रेग्युलेटर केला त्यात तत्त्व म्हणून काय बदललंय सांगा." आणि गान्यांचा मूळ व्हॉल्व्ह गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठीचा होता, हेही दरवर्षी सांगायच्या. मी दरवर्षी नव्याने ऐकायचो.

पाटी लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाई आल्या. हातात डाइव्ह कॉम्प्युटर, मोठ्या आकड्यांचा. तसा माझ्याकडे नव्हताच. बाहेर उभ्या राहून त्यांनी पाटी वाचली. अख्खी. मग आत येऊन म्हणाल्या, "हा मी तुमच्या भागीदाराकडून मागवला. डोळ्यांना आता बारीक आकडे दिसत नाहीत. बॅटरी बदलायची आहे आणि नंतर दाबाच्या भांड्यात घालून बुडबुडे येतात का ते बघायचंय. तुम्ही हात लावणार नसाल तर हे कोण करतं तेवढं सांगा, मी तिथे जाते."

दुसरं कोणी करत नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं.

मी बॅटरी बदलली, ओ-रिंगवर ग्रीसचा पातळ हात फिरवला, भांड्यात दाब चढवला. आम्ही दोघं काचेला नाक लावून दहा मिनिटं बघत बसलो. एकही बुडबुडा नाही. पैसे किती म्हणाल्या. मी सवयीने म्हणालो, राहू द्या. त्या चिडल्या. माझ्यावर कोणी गिऱ्हाईक इतकं चिडलेलं आठवत नाही. "फुकट करता, म्हणून तर लोकांना ते काम आहे असं वाटतच नाही," म्हणाल्या.

पाटी त्याच संध्याकाळी उतरवली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दरपत्रक लिहिलं. रेग्युलेटर सर्व्हिस, दाब तपासणी, मास्क बसवून देणे, वेटसूटचं माप घेणे, ऑनलाइन घेतलेला सेट जोडून पाण्यात तपासून देणे. प्रत्येकापुढे आकडा. मास्क बसवायचे पैसे बघून लोक आधी हसले. आता देतात.

त्यामुळे ऑनलाइन घेऊ की दुकानातून, असं मला कोणी विचारलं तर मी पूर्वीसारखा लाल होत नाही. टॉर्च, चाकू, पाटी-पेन्सिल, सिग्नलचा फुगा, बॅग खुशाल मागवा. फिन्स मागवायचे तर आधी आपले बूट घालून माप घ्या, अनवाणी पायाचं माप कळवू नका. मास्क मात्र चेहऱ्यावर ठेवूनच. रेग्युलेटर मागवण्याआधी तुम्ही ज्या टाक्या भाड्याने घेता त्यांचा व्हॉल्व्ह बघा. स्वस्त पडला म्हणून डिनचा (व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसणारा) घेतात, बोटीवर सगळ्या टाक्या योकच्या (बाहेरून कडीने आवळायच्या) निघतात आणि मग ॲडॉप्टरसाठी पळापळ. योक २३२ बारपर्यंतच चालतो, डिन ३०० पर्यंत जातो, हे खरं आहे. पण सुट्टीत वापरायच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत २०७ बारच असतात. नळ्या स्वतः जोडणाऱ्यांना एवढंच सांगतो की कमी दाबाच्या भोकाचे आटे ३/८ इंचाचे आणि जास्त दाबाचे ७/१६ चे, ते मुद्दाम वेगळे ठेवलेत. नळी बसत नसेल तर जोर लावू नका, ती तुम्हाला काहीतरी सांगतेय. जुनी टाकी तर फोटो बघून घेऊच नये. ६३५१ नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या जुन्या टाक्यांना गळ्याच्या आट्यांपाशी तडे जाऊ शकतात, ते आत दिवा-आरसा घालून आणि यंत्र लावूनच सापडतात.

आणि वस्तू कुठूनही घेतली असो, पहिल्या डाइव्हआधी गेज लावून घ्या. बहुतेक फर्स्ट स्टेजमध्ये मधला दाब ९ ते १० बारच्या आसपास असतो. सुई तिथे जाऊन थांबली पाहिजे. हळूहळू चढत राहिली तर सीट गेली, मग खोकं कितीही नवं असो.

त्या बावीसपैकी आतापर्यंत अठरा माझ्या टेबलावर परत आलेत. नंबर वहीत असल्यामुळे लगेच ओळखू येतात. आत जाणाऱ्या हवेची बारीक जाळी बघितली की मालकाचा स्वभाव कळतो. हिरवी झाली असेल तर झाकण न लावता धुतलाय आणि खारं पाणी आत गेलंय. तांबूस असेल तर गंजकी पोलादी टाकी लावलीय. करडी पूड असेल तर ॲल्युमिनियमची. सात क्रमांकाच्या नगाची जाळी आठ वर्षांनंतरही स्वच्छ होती. त्या मालकाला मी बिलाबरोबर ओ-रिंगांची एक पुडी दिली. दरपत्रकात तिच्यापुढे आकडा आहे, तो लावला नाही. बाईंना सांगू नका.

गेल्या दोन वर्षांपासून भागीदारही त्याच्या गिऱ्हाइकांचे रेग्युलेटर माझ्याकडे पार्सलने पाठवतो. सुटे भाग अधिकृत तंत्रज्ञालाच मिळतात आणि ते प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर आहे. फोन आम्ही करत नाही. वहीचा विषय अजून निघालेला नाही. खोक्यावर पत्त्याच्या वर त्याच्या मोठ्या अक्षरात ‘घड्याळजी’ लिहिलेलं असतं. बिल मी पूर्ण दराने लावतो.