गाडी दारात असताना सायकल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर मी आपणहून तोंड उघडत नाही. पर्यावरणावर बोलायला लागलेल्या बाईशेजारी पंगतीत कुणी बसत नाही. प्रश्न नेहमीचाच: घरची मोटार खाली उभी असताना मुलुंडहून विक्रोळीला ऑफिसला सायकलने का जाता? आणि त्याच्या पाठोपाठ येणारा खरा प्रश्न: तुमच्या एकटीच्या सायकलने हवामानबदल थांबणार आहे का?

नाही थांबणार. हिशेब करून बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. (पेट्रोलचं वजनच लिटरला पाऊण किलो, मग वायू तिप्पट कसा, असं भाच्याने विचारलं होतं. जळताना कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, ते त्याचं वजन.) एलबीएसच्या (लालबहादूर शास्त्री मार्गाच्या) ट्रॅफिकमध्ये आमची गाडी लिटरला दहा-बाराच्या वर देत नाही. जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर धरले तर गाडी न काढल्याने दिवसाला तीन किलो वाचतात. रात्रभर एसी लावला की तेवढे कोळशाच्या विजेवर सहज उडतात, आणि मे महिन्यात तो आम्हीही लावतो. महापालिकेच्या २०२२च्या हवामान आराखड्यात २०५०पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जाईल असं, उद्दिष्ट आहे. त्यातलीच आकडेवारी बघितली तर शहराच्या उत्सर्जनात सगळ्यात मोठा वाटा विजेचा, वाहतुकीचा जेमतेम एक पंचमांश. तेव्हा सायकल मारून मी पृथ्वी वाचवतेय असा आव मी आणत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. मुंबईत मोटार जेवढा धूर सोडते त्यापेक्षा जास्त जागा मागते, आणि या शहरात जागा म्हणजे कुठलं तरी पाणी बुजवणं किंवा कुठली तरी झाडं पाडणं.

दक्षिण मुंबईच्या किनाऱ्याने बांधलेल्या कोस्टल रोडचंच घ्या. २०२४च्या मार्चमध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. त्यासाठी समुद्रात शंभर हेक्टरहून जास्त भराव घातला. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ उचलून दुसरीकडे नेले. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांना होड्या जायला वाट हवी म्हणून पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर साठ मीटरचं एकशेवीस करून घ्यायला वर्षानुवर्षं भांडावं लागलं. एवढं करून त्या रस्त्यावर दुचाकी, रिक्षा आणि सायकलला बंदी. सी लिंकवर तेच, अटल सेतूवरही तेच. ज्या शहरात बहुतेक माणसं लोकलने, बेस्टने नाहीतर पायी जातात, तिथे सगळ्यात महागडे रस्ते मोटारवाल्यांसाठी राखीव. बेस्टच्या बसगाड्या गेल्या दशकात कमी झाल्या त्या झाल्याच. आणि रस्ता झाला म्हणून कोंडी कायमची सुटली, असं मी तरी कुठे पाहिलं नाही. रस्ता मिळाला की गाड्या वाढतात, गाड्या वाढल्या की पुन्हा रस्ता हवा. त्या मागणीत माझी गाडी मोजली जाऊ नये, एवढंच.

बुजवतोय तो समुद्र तापतोही आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात सर्वदूर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या, आणि त्यासाठी लागणारं बाष्प येतं ते अरबी समुद्रावरून. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो आठवत नाही असा मुंबईकर माझ्या वयाचा तरी नाही.

आता माझी वाट. चेकनाक्याच्या अलीकडून निघायचं, सोनापूरचा सिग्नल, मंगतराम पेट्रोल पंप, कांजूर, मग गांधीनगर. मध्ये मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि त्यांच्या कडेने सांडलेली बारीक रेती, जिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरलंच. कडेने चालवावं तर गटाराची जाळी. तिच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असतील तर ठीक. उभ्या असतील तर चाक आत आणि आपण हँडलवरून बाहेर. त्यामुळे माझी नजर समोरच्या बसपेक्षा या जाळ्यांवर जास्त. ओढणी मी कमरेला घट्ट बांधते, चेनमध्ये गेलेली ओढणी काढायला अर्धा तास आणि एक अनोळखी मदतनीस लागतो.

पण खरं सांगू का, रस्त्यापेक्षा गेट अवघड जातं. ऑफिसच्या मुख्य गेटवर पहिल्याच दिवशी सिक्युरिटीने हात आडवा केला, ‘‘मॅडम, सायकल पीछेसे.’’ मागे म्हणजे डिलिव्हरीवाल्यांच्या गेटने. मी कार्ड दाखवलं, तो ओशाळला, पण सायकलला पुढून वाट नाही ती नाहीच. मोटार आणली असती तर सलाम ठोकला असता. सोसायटीतही मोटारीला आखलेली, नंबर टाकलेली जागा आहे. माझी सायकल मीटरच्या पेटीला टेकून उभी. मावशी तर हळूच बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘काही अडचण आहे का गं? पैशाची?’’

तिचंही चुकत नाही. मुंबईत रोज सायकल चालवणारा म्हणजे पाववाला, दूधवाला, डबेवाला, भोंगा वाजवत येणारा इडलीवाला अण्णा. पहाटे आमच्या गल्लीत येणाऱ्या पाववाल्याच्या कॅरियरवर माणसाएवढं गाठोडं असतं आणि तरी तो एक पाय टेकून, सायकल तिरकी धरून सुट्टे परत देतो. त्याला कुणी ‘हवामानबदलासाठी का?’ असं विचारत नाही. कौतुक होतं ते रविवारी मोटारीच्या पाठीवर सायकल लटकवून मरीन ड्राइव्हला येणाऱ्यांचं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण सायकल ट्रॅक मागायला त्यांनाच बोलावतात, पाववाल्याला नाही, हे खुपतं. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, तो ट्रॅक झाला होता. त्यावर काय उभं राहिलं? मोटारी.

पावसाळ्यात काय करता, हेही विचारता. रिमझिम असेल तर रेनकोट. पाणी तुंबलं की सायकल नाही, सरळ लोकल. २९ ऑगस्ट २०१७ला प्रभादेवी भागात तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. पाण्याखाली काय आहे ते दिसत नसेल तर मी त्यात उतरत नाही, तत्त्वासाठीही नाही.

आणि कोणती सायकल घेऊ म्हणत असाल, तर पूर्व उपनगरातल्या सपाट रस्त्यांना गिअर लागत नाहीत. कॅरियर हवा, स्टँड हवा, घंटी मोठी हवी. हल्लीच्या बऱ्याच महागड्या सायकलींना मडगार्डच नसतं आणि जूनमध्ये रस्त्याचा सगळा चिखल पाठीवर येतो. दुकानदार म्हणेल वेगळं बसवून देतो. त्याचे पैसे आधीच ठरवून घ्या.