पुरावा एका ओहोटीपुरता : दाभोळ खाडीत मगरी बघताना

दाभोळ खाडीकाठच्या मालदोलीला मगरी बघायला जायचं तर आधी पंचांग उघड, असं चिपळूणच्या मैत्रिणीनं बजावलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आम्ही गेलो चतुर्थीला. म्हणजे भरती तीनला, ओहोटी नऊच्या सुमारास आणि खाडीत आत त्याहून जरा उशिरा. थंडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि मगरी ऊन खायला वर येतात. हिशोब चोख निघाला.

पहिली मगर होडीवाल्या काकांनी बोट दाखवलं तेव्हा कुठे दिसली. चिखलाचाच रंग, पाठीवर सुकलेल्या गाळाचे पोपडे, जबडा सताड उघडा. "ती रागावलेली नाही ताई, तापली की असा आ वासते. अंग थंड करते," म्हणत काकांनी इंजिन बंद केलं. ही खरं तर गोड्या पाण्यातली मगर, पण इथे खाऱ्या भरतीतही ठाण मांडून आहे. कोयनेच्या वीजघरांचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावरचं पाणी, खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत सुटतं, त्यामुळे नदी ऐन वैशाखातही वाहती असते. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून रमतगमत निघालेल्या मगरीचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, ती याच पाण्यातली. तासाभरात सात-आठ मगरी, कांदळवनात खंड्या पक्षी, चिखलात टिटव्या. फोटो भरपूर मिळाले.

परतताना मी सहज विचारलं, मासळी काय मिळते? काका मासेमारी करणाऱ्या भोई समाजातले, जन्म खाडीवर गेलेला. होडीत माणसं बसवायला लागले ते अलीकडे. "आधी बोयटं, शेंगाळे, कोळंबी, खेकडे, सगळं होतं. पाग (फेकायचं जाळं) टाकला की घरचं भागायचं. आता पाग घरात टांगलाय."

वर परशुराम घाटापलीकडे लोटे-परशुरामची रासायनिक कारखान्यांची वसाहत. तिथल्या सांडपाण्यावर सामाईक केंद्रात प्रक्रिया होते आणि ते नळाने याच खाडीत, करंबवण्याजवळ सोडलं जातं. कागदावर व्यवस्था ठीक आहे. पण खाडीकाठच्या गावांची वर्षानुवर्षांची तक्रार अशी, की प्रक्रिया नीट न झालेलं पाणीही येतं, आणि पहिल्या पावसाच्या आडोशाने तर हमखास येतं. मग मासा पोट वर करून काठाला लागतो. कोतवलीच्या सोनपात्रा नदीत तर हे इतक्यांदा झालं, की तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला गावकऱ्यांनी तेच पाणी प्यायला लावल्याची हकीकत वर्तमानपत्रांतून गाजली होती.

प्यायला लावणं मला पटत नाही. पण त्या टोकाला गाव का गेलं, ते काकांच्या बोलण्यातून उमगलं. मासा मेला की प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन करायचा, साहेब निघणार, पोचेपर्यंत भरती येऊन ओसरलेली. पाणी बदललं, मेलेला मासा वाहून गेला. नमुना घेतला तरी तो दुसऱ्याच पाण्याचा. "आमचा पुरावा एका ओहोटीपुरता, ताई." म्हणून आता काठावरची पोरं मासा दिसला की लगेच व्हिडिओ काढतात, बाटल्या भरून ठेवतात, पंचनाम्याचा आग्रह धरतात. बाटलीतल्या पाण्याला कायद्याने फारशी किंमत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. नमुना रीतसर अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो.

संघर्ष समित्या, मोर्चे, निवेदनं हे सगळं इथे जुनं आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात या भागाची दखल घेतली होती. लोट्यात ११,००० लोकांना रोजगार मिळाला, तर प्रदूषणाने २०,००० मच्छीमारांचा गेला, असं गाडगीळ सांगत. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे : ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदीचे आदेश होते. मेलेले मासे घेऊन चार माणसांनी एकत्र जायचं म्हटलं तरी पंचाईत!

यात 'कारखाना विरुद्ध कोळी' असं सरळ चित्र मात्र नाही. काकांचा धाकटा लोट्यातच कामाला आहे, पाळीवर. बंद करा असं त्यांच्या घरात कोणी म्हणत नाही. नळाच्या तोंडाशी चोवीस तास मोजणी व्हावी, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत आणि नमुना घेताना गावचा माणूस शेजारी उभा असावा, एवढंच मागणं.

मला खटकलं ते आपलं, पर्यटकांचं. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, तिला हात लावला तर तुरुंग. ती ज्या माशावर जगते त्याचा वाली कोण? त्याच्यासाठी भांडतात ते भोई, आणि सफारीच्या जाहिरातींत मी तरी त्यांचा उल्लेख पाहिला नाही. काही होडीवाले हा विषय काढतही नाहीत, गिऱ्हाईक बिचकेल म्हणून.

जेवायला काकांकडेच थांबलो. तांदळाची भाकरी, सोलकढी आणि बांगड्याचं तिखलं. बांगडा हर्णै बंदरातला होता, बर्फातून आलेला. काकूंनी वाढता वाढताच सांगून टाकलं, "खाडीतला मासा असता तर चव कळली असती तुम्हाला."

जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरा, ओहोटी सकाळी असेल अशी तिथी धरून. होडीत बसल्यावर मगरींबरोबर मासळीचंही विचारा. आणि पाण्याला फेस किंवा रंग दिसला, तर वेळ-तारखेसकट व्हिडिओ काढून तिथल्या तिथे होडीवाल्याच्या फोनवर पाठवा. पुढचं काय करायचं ते त्यांना चांगलं माहीत आहे.